परदेश सहलीचा शेवटचा दिवस ‘मोकळा’ नको

मा. संपादक,

दिवाळीच्या सुट्टीत सोलापुरातून सिंगापूरला अनेक गट जातात. सहलीच्या पत्रकात शेवटच्या दिवसापुढे बहुधा ‘फ्री डे’ एवढेच छापलेले असते आणि तो दिवस मॉलमध्ये, बॅगा भरण्यात निघून जातो. सहल आयोजकांनी या दिवसाचेही वेळापत्रक द्यावे, ही कळकळीची विनंती.

दुपारी चारचे विमान धरू. बॅगा रात्रीच भरून वजन करून ठेवाव्यात, सकाळी आठला खोली सोडून त्या हॉटेलच्या काउंटरवर द्याव्यात. मॅक्सवेल मेट्रो स्थानकातून बाहेर पडले की १८२७ साली स्थापन झालेले श्री मारियम्मन मंदिर, बुद्धाच्या दाताचे मंदिर आणि मॅक्सवेल फूड सेंटर पायीच होते. चिकन राईसचे गाळे मात्र दहाच्या सुमारास उघडतात, म्हणून मंदिरे आधी करावीत.

शाकाहारी मंडळी इथेच फसतात. चिकनचे तुकडे बाजूला काढून उपयोग नाही, तो भातच कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. लाक्सा या नूडल्सच्या पदार्थाचा रस्सा नारळाच्या दुधाचा, पण वाटणात सोडे (सुकवलेली कोळंबी) असतात. काया टोस्टवर लावतात तो जॅम नारळाचा खरा, त्यात अंडेही असते. म्हणून नुसते ‘व्हेज’ न म्हणता अंडे, कोळंबी, चिकन स्टॉक असे एकेक नाव घेऊन विचारावे. खाऊन झाल्यावर ट्रे आपणच जागेवर नेऊन ठेवायचा. तसाच टाकून उठल्यास दंड होऊ शकतो.

साडेबारापर्यंत चांगी विमानतळ गाठावा. मेट्रोने जाताना तानाह मेराह स्थानकावर गाडी बदलावी लागते. एका दुकानात १०० सिंगापूर डॉलर किंवा त्याहून जास्त खरेदी करून पासपोर्ट दाखवला असेल, तर जीएसटी परत मिळतो. पण त्या वस्तू बॅगेत घालून द्यायच्या असतील, तर परताव्याच्या यंत्रावरची नोंद बॅगा देण्याआधीच करावी. तपासणीला वस्तू मागितल्या आणि बॅग पुढे गेलेली असली, तर पैसे बुडतात. काया जॅमची बाटली मोठ्या बॅगेत, पॉवर बँक हातातल्या बॅगेत. विमानतळाला लागून असलेल्या ज्वेल या मॉलमधला ४० मीटरचा धबधबा इमिग्रेशनच्या आधी पाहावा, एकदा आत गेले की परत बाहेर येता येत नाही.

हे विमान मुंबईत संध्याकाळी सातच्या सुमारास उतरते. बॅगा हाती येऊन सीएसएमटी गाठेपर्यंत सहज अडीच-तीन तास जातात. विमानाला थोडा जरी उशीर झाला तरी त्या रात्रीची सोलापूरची सिद्धेश्वर एक्स्प्रेस चुकते. गटात वृद्ध आणि मुले असतील, तर आयोजकांनी परतीचे तिकीट दुसऱ्या दिवशीचेच काढावे.

— एक वाचक, सोलापूर