वीज परत येते तेव्हा : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सादर नमस्कार.

कोकणात वीज जाते, ही तक्रार करण्यासाठी हे पत्र नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगत उत्तरेकडे गेले. अशा वाऱ्यात खांब पडणार आणि ते उभे करायला वेळ लागणार, हे इथल्या माणसाला कळते. माझा प्रश्न वेगळा आहे. वीज गेल्यावर, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती अचानक परत आल्यावर, यंत्राने काय करावे हे कोणी ठरवून ठेवले आहे का?

बंदरावरचा बर्फ फोडण्याचा क्रशर घ्या. वीज गेली, लादी अडकून राहिली, आणि यंत्र बंदच आहे म्हणून कामगाराने ती मोकळी करायला हात आत घातला. स्टार्टर (मोटर चालू-बंद करणारी पेटी) मूळ रचनेप्रमाणे असेल तर या माणसाला धोका नाही, कारण वीज जाताच स्टार्टरच्या कॉइलची चुंबकीय पकड सुटते आणि कोणीतरी हिरवे बटण पुन्हा दाबेपर्यंत मोटर फिरत नाही. पण हेलपाटे वाचवण्यासाठी तेच बटण तारेने कायमचे जोडून ठेवले असेल, किंवा ‘ऑटो’ (वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारे उपकरण) बसवला असेल, तर वीज येताक्षणी क्रशर फिरू लागेल. रात्री-अपरात्री नदीकाठच्या पंपावर चालत जावे लागणाऱ्याला ऑटो हवासा वाटतो, यात त्याची चूक काढण्यासारखे काही नाही, आणि पंपाला तो चालेलही. तिथेसुद्धा तीनही फेज आल्याची खात्री करणारे संरक्षण व थोडा विलंब हवाच. ज्या यंत्राच्या तोंडाशी माणूस उभा असतो, तिथे मात्र ऑटोला थारा नसावा. यंत्रांच्या विद्युत सामग्रीसाठीचे आयईसी ६०२०४-१ हे आंतरराष्ट्रीय मानकही, जिथे धोका संभवतो तिथे यंत्र आपोआप पुन्हा सुरू होऊ नये, असेच सांगते.

याच बर्फ कारखान्यात अमोनिया वायू दाबणारा कॉम्प्रेसर असतो. वीज परत आल्यावर कंडेन्सरच्या (दाबलेला वायू थंड करणाऱ्या भागाच्या) पाण्याचा पंप सुरू होण्याआधी कॉम्प्रेसर चालू झाला, तर वायू थंड होत नाही, दाब चढत जातो, आणि दाब पाहून यंत्र थांबवणारा स्विच खाऱ्या हवेने गंजलेला असेल तर पुढचा भार सुरक्षा झडपेवर पडतो. पाणी आधी आणि कॉम्प्रेसर नंतर, हा क्रम चालकाच्या आठवणीवर न सोडता नियंत्रण पॅनेलच्या वायरिंगमध्येच बांधलेला असावा.

सर्वच यंत्रे थांबली की सुरक्षित होतात, असेही नाही. लिफ्टचा ब्रेक वीज असताना उघडा राहतो आणि वीज जाताच स्प्रिंगच्या जोराने आवळला जातो, ते योग्यच आहे. परंतु बाहेर पडण्याच्या दाराचे विद्युत-चुंबकीय कुलूप वीज जाताच सुटले पाहिजे, आणि आगीच्या पंपाने पर्यायी पुरवठ्यावर स्वतःहून चालू झाले पाहिजे. वीज पूर्ण न जाता एखादी तारच तुटते तेव्हाही हाच विचार लागतो. रुळावर गाडी आहे का हे रुळांतल्या विद्युत प्रवाहावरून ओळखणाऱ्या रेल्वेच्या ट्रॅक सर्किटमध्ये तार तुटली तर रिले (विजेवर चालणारा स्विच) सुटतो आणि रुळावर गाडी उभी आहे असेच धरले जाते. आमच्याकडे मात्र ‘स्टॉप’ बटणाची तार अशी जोडलेली असू शकते की ती तुटली तरी यंत्र चालूच राहते, आणि बटण निकामी झाल्याचे ते दाबण्याची वेळ आल्यावरच कळते.

वीज कायदा, २००३ च्या कलम १६२ नुसार नेमलेले विद्युत निरीक्षक आपल्याच राज्यात आहेत. त्यांच्या तपासणीत अर्थिंग, इन्सुलेशन यांबरोबर एक साधी चाचणी सक्तीची करावी : यंत्रे चालू असताना, माणसे दूर ठेवून, मुख्य स्विच पाडावा, थोड्या वेळाने पुन्हा चढवावा, आणि काय थांबले, काय आपोआप सुरू झाले, कोणत्या क्रमाने, याची नोंद करावी. ‘वीज गेल्यावर’ आणि ‘वीज आल्यावर’ यंत्राची अपेक्षित स्थिती मराठीत लिहून पॅनेलवर लावणे मालकावर बंधनकारक असावे. त्यासाठी नवीन खाते लागणार नाही, मात्र निरीक्षकांच्या रिक्त जागा असतील तर त्या भराव्या लागतील. सुरुवात शासनाच्याच नळपाणी योजना, रुग्णालये आणि मासेमारी बंदरे यांपासून व्हावी, आणि किनारपट्टीच्या जिल्ह्यांत ही चाचणी दरवर्षी मे महिन्याच्या मध्यापर्यंत पूर्ण व्हावी, म्हणजे सापडलेले दोष पाऊस लागण्याआधी दुरुस्त करता येतील.

आपला विश्वासू,
एक विद्युत पर्यवेक्षक, रत्नागिरी