डॉक्टरांना सापडलं काय, ते पण छापा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आपल्या गोव्यातल्या पेपरांत अधूनमधून एखाद्या डॉक्टरांच्या अभिनंदनाची बातमी येते, इतके शोधनिबंध, इतके हजार सायटेशन्स (म्हणजे इतर संशोधकांनी त्या निबंधांचे केलेले उल्लेख), एच-इंडेक्स इतका, आणि वर शाल-श्रीफळाचा फोटो. आपल्या माणसाचं कौतुक वाचून बरं वाटतंच. पण बातमी शेवटपर्यंत वाचली तरी त्या डॉक्टरांना नेमकं सापडलं काय हे कळत नाही, आणि हे मला फार खटकतं म्हणून लिहितोय.

मी हायस्कूलात गणित शिकवायचो, त्यामुळे आकडा दिसला की तो आला कुठून हे बघायची सवय आहे. एच-इंडेक्स २० म्हणजे त्या माणसाचे २० पेपर, म्हणजे शोधनिबंध, असे की प्रत्येकाचा उल्लेख इतर संशोधकांनी निदान २० वेळा केलाय. हे सूत्र २००५ साली हर्श नावाच्या फिजिक्सच्या प्राध्यापकाने काढलं. आता समजा एखाद्या डॉक्टरने आयुष्यात एकच पेपर लिहिला आणि त्याचा उल्लेख ५ हजार ठिकाणी झाला, तरी त्याचा एच-इंडेक्स १ च राहतो. हे उल्लेख मोजणाऱ्या साइट्सपैकी गुगल स्कॉलर थिसिस वगैरे पण मोजतं म्हणून तिथला आकडा सहसा मोठा येतो आणि स्कोपस नावाच्या दुसऱ्या साइटवर त्याच माणसाचा कमी, तेव्हा निदान कुठला आकडा आहे ते तरी लिहा. आणि उल्लेख म्हणजे शाबासकी असंही नाही. गोवराच्या एमएमआर लसीचा ऑटिझमशी (स्वमग्नतेशी) संबंध जोडणारा वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरचा पेपर १९९८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, फक्त १२ मुलांवरचा, २०१० साली लॅन्सेटनेच तो मागे घेतला, पण उल्लेख ढिगाने आहेत, बरेचसे तो कसा चुकीचा हे सांगणारे.

याच्या उलट कोलकात्याचे शंभुनाथ डे. कॉलऱ्याचा जंतू एक विष सोडतो आणि त्यानेच जुलाब होतात हे त्यांनी १९५९ साली दाखवलं, पण पुढची बरीच वर्षं त्या पेपरकडे कोणी फारसं बघितलं नाही. १९८५ साली ते वारले. सायटेशन मोजायची पद्धत ज्यांनी रुजवली त्या गारफिल्ड यांनीच दुसऱ्या वर्षी डे यांच्या कामावर मुद्दाम लेख लिहिला. म्हणजे हयातीतला आकडा बघून या माणसाची किंमत कळलीच नसती.

माझी भाची गोव्याबाहेरच्या एका मेडिकल कॉलेजात एमडी करत होती. पावसात घरोघर फिरून बायकांचं बीपी घ्यायची, फॉर्म भिजू नयेत म्हणून दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून त्यात घालून न्यायची, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पेपर छापून आला तेव्हा तिचं नाव चौथं. मेडिकलमध्ये पहिलं नाव राबलेल्या माणसाचं असा रिवाज, पण तिथे नाव होतं ते एकदाही गावात न आलेल्या सरांचं, कारण त्यांचं प्रमोशन अडलं होतं. त्या सरांच्या नावावर आज तो पेपर मोजला जातो. नंतर एकदा ती त्या गावात गेली तर एका आजीने विचारलं, "बाय, त्या फॉर्माचं पुढं काय झालं गं?" भाचीला ते आजही सलतं.

आता आपल्याच गोव्याचं बघा. 'संगाथ' संस्थेच्या मानस प्रयोगात डॉक्टर नसलेल्या, ट्रेनिंग दिलेल्या साध्या माणसांनी डिप्रेशन आणि अँक्झायटीच्या पेशंटांशी बसून बोलायचं काम केलं, १२ सरकारी केंद्रांत आणि १२ खाजगी दवाखान्यांत तो अभ्यास झाला आणि २०१० साली लॅन्सेटमध्ये छापून आला. सरकारी केंद्रांतल्या पेशंटांना फायदा झाला, खाजगीत तसा फरक दिसला नाही. असं का झालं असेल? हे वाचायला मला आवडेल, आणि ज्या घरात कोणी महिनोन्‌महिने गप्प बसून आहे त्या घराला तर ते कळायलाच हवं.

तेव्हा पुढची अशी बातमी आली की त्या डॉक्टरांना एक फोन करा, तुमचं सगळ्यात महत्त्वाचं काम कुठलं, त्यातून पेशंटचं काय बदललं, आणि फिरलं कोण, एवढं विचारा आणि चार ओळी साध्या मराठीत छापा. त्यासाठी फोटो लहान करावा लागला तरी चालेल.

– एक निवृत्त शिक्षक, फोंडा