ते घर कार्व्हरच्या जन्माचे नव्हे

मा. संपादक,

अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घराघरांत पोचला, पण त्याच्या जन्मस्थळाबद्दल घोटाळा होतोच; त्याच्या स्मारकातले घरच जन्मघर समजले जाते. मिसुरीतल्या डायमंड गावाजवळच्या स्मारकात जे लाकडी घर आहे, ते जॉर्जला वाढवणाऱ्या मोझेस कार्व्हरने १८८१ मध्ये बांधले. जॉर्ज त्याआधीच निओशोला शाळेसाठी आणि तिथून पुढे कॅन्ससला निघून गेला होता. जन्माची खोपटी उरलेलीच नाही. तिची जागा दाखवणारी ओंडक्यांची चौकट तेवढी जमिनीलगत आहे, जेमतेम १२ बाय १२ फूट. फोटो काढायचा तर तिचा काढावा! स्मारक १९४३ चे; राष्ट्राध्यक्ष नसलेल्या व्यक्तीचे हे अमेरिकेतले पहिलेच राष्ट्रीय स्मारक. निओशोत त्याला आसरा देणाऱ्या मारिया वॉटकिन्स सुईणीचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच निघते.

– एक वाचक