भरती म्हणजे नुसती मिल्ट्री नव्हे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या भागातल्या भरतीच्या पोरांवर पानभर मजकूर आला होता, पहाटे चारला उठून रस्त्यावर धावणारी पोरं, अकॅडमीचे टी-शर्ट, आईबापाच्या प्रतिक्रिया. वाचून बरं वाटलं, आणि जरा वाईटपण वाटलं, म्हणून हे पत्र. पानभर मजकुरात कोस्ट गार्ड, म्हणजे समुद्रकिनारा राखणारं तटरक्षक दल, हा शब्द एकदाबी नाही. मी स्वतः वीस-बावीस वर्षं तिथं विमानांचं काम करून आलोय म्हणून मला लागलं असेल, पण गोष्ट नुसती माझ्या लागण्याची नाही.

आपल्याकडे भरती म्हटलं की मिल्ट्री, आणि मिल्ट्री म्हटलं की बेळगावातलं मराठा पलटणीचं ट्रेनिंग सेंटर, त्यात चूक काही नाही, बेळगावात राहून सेंटरची परेड बघत मोठं झालेल्या पोराला दुसरं काय सुचणार. सांबऱ्याला एअर फोर्सचं ट्रेनिंग स्कूल आहे म्हणून त्या बाजूच्या गावातली चार पोरं एअर फोर्सचा फॉर्म तरी भरतात. समुद्र मात्र आपल्या तालुक्याला नाही. चोर्ला घाट उतरल्यावर जो दिसतो तो गोव्याचा, तिथं आपण जातो ते कशाला जातो ते सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे समुद्रावरची नोकरी म्हणजे कोळ्यांच्या पोरांची असा एक समज बसलाय. मी कडोलीचा, शेतकऱ्याचा पोरगा, भरती झालो त्याआधी समुद्र एकदाच बघितला होता, तोपण शाळेच्या ट्रिपला कारवारात.

कोस्ट गार्ड म्हणजे नेव्ही नव्हे, हे आधी सांगतो कारण गावात मला अजून नेव्हीवाला म्हणतात. 1 फेब्रुवारी 1977 ला सुरुवात झाली, 1978 ला कायदा झाला, संरक्षण खात्याखाली येतं. आज दीडशेच्या आसपास जहाजं आणि पाऊणशेच्या आसपास विमानं-हेलिकॉप्टरं आहेत. दमण, चेन्नई, रत्नागिरी इथं एअर स्टेशनं, गोव्यात, मुंबईत, कोचीला, पोरबंदरला पण विमानं असतात. डॉर्नियर विमान तासन्‌तास समुद्रावर कमी उंचीवरून फिरतंय, हरवलेली बोट, तेलाचा तवंग, संशयी जहाज शोधतंय, आणि चेतक किंवा ध्रुव हेलिकॉप्टर माणूस उचलून आणतंय. जुलै 2024 ला कारवारपासून आत समुद्रात मोठ्या कंटेनर जहाजाला आग लागली होती, आठवतंय काय, भर पावसाळ्यात कित्येक दिवस ती विझवायला लागली, वरून हेलिकॉप्टरनं आग विझवायची पावडर टाकली. ते कारवार म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही बघा.

आणि अग्निवीर इथं नाही. ती योजना आर्मी, नेव्ही, एअर फोर्सला आहे, कोस्ट गार्डला नाही. चार वर्षांनी शंभरातल्या पंचाहत्तर पोरांनी घरी यायचं ही जी धाकधूक आज प्रत्येक आईबापाच्या पोटात आहे ती इथं नाही, एवढी एकच गोष्ट एखाद्यानं गावात ओरडून सांगितली असती तरी निम्म्या पोरांनी फॉर्म भरला असता.

आता पोरांची गंमत बघा. कोस्ट गार्डच्या फिजिकलला 1.6 किलोमीटर 7 मिनिटांत, 20 उठाबशा आणि 10 पुशअप. आमची पोरं तेच अंतर साडेपाच मिनिटांच्या आत मारतात, तेपण चप्पल काढून कच्च्या रस्त्यावर. म्हणजे धावण्यात कोण अडत नाही. अडतात ते पेपरात. पहिल्या भागात 60 प्रश्न 45 मिनिटांत, दहावीच्या लेव्हलचे, त्यात गणित 20 आणि इंग्रजी 15, मायनस मार्किंग नाही. जनरल ड्युटीच्या नाविकाला वर बारावीचं फिजिक्स-मॅथ्स, आणि यांत्रिक, म्हणजे मशिनरी सांभाळणारा, व्हायचं तर इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, वय 18 ते 22. पेपर मराठीत नसतो आणि कन्नडमध्येपण नसतो, त्यामुळे इथं सीमावादाचं काही चालत नाही, दोघांनाबी सारखाच ताप. डिप्लोमा झालेली किती पोरं आहेत आपल्याकडे? उद्यमबागेत फाउंड्रीत, हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनतात तिथं, नाहीतर पुण्याला चाकणला कॉन्ट्रॅक्टवर. विमानाचा पार्ट घासतात पण विमान हातात घ्यायची नोकरी आहे हे त्यांना माहीत नाही. यांत्रिकाचा बेसिक सातव्या आयोगाप्रमाणे 29,200 आणि वर यांत्रिक पे 6,200, नाविकाचा 21,700, भत्ते वेगळे.

पण पगारासाठी हे पत्र नाही लिहीत. मला सांगायचंय ते तिथल्या साहेब लोकांबद्दल, म्हणजे लीडरशिप म्हणतात ती. आमच्या अकॅडमीतली पोरं शिकतात ती एकच गोष्ट, सर बोलले की यस सर. शिट्टी वाजली की पळायचं. सैन्यात ते लागतंयच, पण एअर स्टेशनवर त्याच्या बरोबर दुसरी एक गोष्ट लागते ती कोणी शिकवत नाही.

एक प्रसंग सांगतो, स्टेशनचं नाव नाही लिहीत. मी तेव्हा नवीन, सव्वीस वर्षांचा असेन. संध्याकाळी निरोप आला की एक मच्छीमार बोट दोन दिवस परत आली नाही, डॉर्नियर काढा. पावसाळा तोंडावर, सगळी घाई, पायलट तयार होऊन आलेले. मी चाकाजवळ टॉर्च मारला तर ब्रेकच्या पाइपला ओलसरपणा, बोट लावलं तर तेल. थेंब नव्हता पडत हो, नुसती ओल. आमच्यात एक वही असते विमानाची, त्यात मेकॅनिकनं सही केल्याशिवाय ते विमान हलत नाही, मग वर कोण का बसलेला असेना. माझा सिनियर म्हणाला एवढं चालतंय रे, परत आल्यावर बघू. माझा हात काही सहीला जाईना. तेवढ्यात सीओ साहेब, म्हणजे आमचे प्रमुख, स्वतः लाइनवर आले, कमांडंट, माझ्या बापाच्या वयाचे. मी सावधान होऊन म्हटलं, सर, सही नाही करत. आवाज कापत होता माझा. त्यांनी विचारलं कारण काय, मी दाखवलं. ते वाकले, स्वतः बोट लावून बघितलं, मग घड्याळ बघून म्हणाले, किती वेळ? म्हटलं पाऊण तास. घे पाऊण तास, म्हणाले, आणि टॉर्च माझ्या हातातून घेऊन स्वतः धरून उभे राहिले, मी पाइप बदलेपर्यंत. वरून फोनवर फोन येत होते ते सगळे त्यांनी अंगावर घेतले, माझ्यापर्यंत एकबी येऊ दिला नाही. विमान गेलं. बोट दुसऱ्या दिवशी सापडली, इंजिन बंद पडून वाहत गेली होती, माणसं ठीक होती.

तसे सगळेच असतात असं नाही. नंतर एक साहेब असे मिळाले की काही बिघाड सांगितला की आधी अंगावर यायचे, तुम्हीच बिघडवला असणार म्हणून. सहा महिन्यात काय झालं माहीत आहे? लोकांनी बारीकसारीक सांगायचं बंद केलं. कागदावर सगळं एकदम झकास, आणि हँगरमध्ये रात्री झोप नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत विमान रोज गोड्या पाण्यानं धुवायला लागतंय, नाहीतर गंज आत जातो आणि बाहेरून दिसत नाही, माणसांचं पण तसंच असतंय म्हणा.

हे मी हौसेनं नाही लिहीत. सप्टेंबर 2024 ला पोरबंदरजवळ रेस्क्यूला गेलेलं ध्रुव समुद्रात पडलं, तीन जण गेले. 5 जानेवारी 2025 ला तिथंच पोरबंदरला दुसरं पडलं, आणखी तीन. त्यानंतर ध्रुवचा अख्खा ताफा कित्येक महिने जमिनीवर उभा होता, वरच्या पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या स्वॉशप्लेट नावाच्या पार्टला तडा गेलेला निघाला. ती बातमी आली त्या दिवशी मी जेवलो नाही. कोणाची चूक होती हे बोलायचा माझा अधिकार नाही, पण ज्यानं कधी त्या मशिनवर सही केलीय त्याला ती बातमी दुसऱ्यासारखी वाचता येत नाही.

आणि वर कोण बसतं त्याचंपण सांगतो. जवळजवळ चाळीस वर्षं कोस्ट गार्डचा सगळ्यात मोठा साहेब नेव्हीतून यायचा. 2016 ला राजेंद्र सिंह हे कोस्ट गार्डमध्येच वाढलेले पहिले अधिकारी डायरेक्टर जनरल झाले. त्या दिवशी आमच्या मेसमध्ये पेढे वाटले, मी बेळगावचा कुंदा आणून ठेवला होता तोपण संपला. बाहेरच्याला यात विशेष काय वाटणार नाही. पण आपल्या घराचा कारभारी आपल्याच घरातला असतो तेव्हा काम करायला वेगळं बळ येतं, हे संयुक्त कुटुंबात राहिलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. मुलींचंपण हळूहळू होतंय, 2024 ला एका महिला डॉर्नियर पायलटची परमनंट कमिशनची, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीची, केस सुप्रीम कोर्टात गाजली आणि कोर्टानं तिला सेवेत ठेवायला सांगितलं.

तर माझी विनंती एवढीच की तुमच्या पेपरात भरतीचा जो कोपरा असतो तिथं कोस्ट गार्डची जाहिरात निघाली की तीपण छापा, शेवटच्या तारखेच्या आधी छापा, आणि यांत्रिकचा डिप्लोमा मोठ्या अक्षरात. अकॅडमीवाल्यांना सांगणं की दोन तास धावून झाल्यावर एक तास गणित बसवून घ्या, आणि पोरानं उलट विचारलं तर लगेच उठाबशा काढायला लावू नका. रविवारी सकाळी मी गावच्या वाचनालयात असतो, कोणाला फॉर्म समजून घ्यायचा असला तर यावं, पैसे-बिसे नाहीत, चहा पाजला तर पितो.

परवा एक पोरगं आलं होतं, बारावी सायन्स, गणित चांगलं. सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारतंय, काका, पोहायला यायला लागतं काय? म्हटलं ट्रेनिंगला शिकवतात, पण येत असेल तर बरं. आम्ही पाठीला डबा बांधून शिकलो त्याच विहिरीचं मी नाव घेतलं, तर म्हणतंय, तिच्यावर तर जाळी बसवलीय की.

आपला,
एक निवृत्त यांत्रिक, कडोली, ता. बेळगाव