त्या पिसवा नाहीत हो!

मा. संपादक,
स. न.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात बातमी आली की आमच्या पुळणीवर पिसवा झाल्यात, पर्यटक हैराण आहेत, फवारणी करा. बातमी छापून आली म्हटल्यावर आमच्याकडे लगेच पैसे गोळा व्हायला लागले, म्हणून लिहायला बसलो, नाहीतर पत्रबित्र लिहिणं हा काही माझा प्रांत नाही.

पहिली गोष्ट, त्या पिसवा नाहीतच. कोलंबी-कुर्लीच्या भावकीतल्या आहेत, इंग्रजीत सँडहॉपर म्हणतात. भरतीने आणून टाकलेला शेवाळाचा ओला ढीग पायाने सरकवलात की लाह्या फुटल्यासारख्या तडतड उडतात ना, त्यातली एक ओंजळीत धरून बघा. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची, दोन्ही बाजूंनी चेपलेली, पाठीत वाकलेली, वाळूच्याच रंगाची. चावत नाही, रक्त पीत नाही. दिवसभर ओल्या वाळूत पुरून घेते, रात्री वर येऊन सडकं शेवाळ खाते. संध्याकाळी पर्यटकांच्या पायाला खाज सुटते ती डासांनी नि मुरकुटांनी, आणि डास कुठे होतात ते मागचं तुंबलेलं गटार बघितलं की कळतं.

आता ह्या जिवाची अडचण बघा. श्वास कल्ल्यांनी घेतो त्यामुळे अंगाला ओल पाहिजे, सुक्या वाळूत दुपारी सापडला की वाळून मेला, आणि लाटेने आत ओढला तरी फार वेळ तग धरत नाही. म्हणजे सुकं लागलं की समुद्राकडे पळायचं आणि पाणी झालं की जमिनीकडे. पण कुठल्या बाजूला समुद्र हे त्याला वाळूच्या खळग्यातून दिसणार कसं? तर सूर्य बघून. इटलीत पिसाजवळच्या किनाऱ्यावर लिओ पार्दी आणि फ्लोरियानो पापी ह्या दोघा शास्त्रज्ञांनी १९५२-५३ च्या सुमाराला हे शोधून काढलं. गंमत म्हणजे नुसता सूर्य बघून भागत नाही, कारण तो तर तासाला सरासरी १५ अंश सरकतो, सकाळी पाठीवर असलेला संध्याकाळी तोंडावर येतो, म्हणजे आत घड्याळही पाहिजे. त्यांनी ते घड्याळच बिघडवून बघितलं. बंद खोलीत खोट्या दिव्यांवर दिवस-रात्र पुढेमागे केली, मग बाहेर सोडलं, तर पठ्ठे ठाम चुकीच्या दिशेला निघाले, जेवढं घड्याळ सरकवलं त्या हिशोबाने. रात्री चंद्रावरही चालतं त्यांचं, आणि चंद्र तर रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, त्याचा हिशोब वेगळा! २०१६ साली दिसून आलं की सूर्याचं घड्याळ मेंदूत आणि चंद्राचं चक्क मिशांमध्ये आहे.

मी पण करून बघितलं, शास्त्र वगैरे काही नाही हां. घरातला पांढरा टब, तळाला सुकी वाळू, काठ एवढे उंच की आतून आभाळच दिसावं, आणि त्यात वीसेक जणी सोडल्या. सकाळी साडेनऊची वेळ. पूर्वेच्या काठाची मस्त सावली पडली होती टबात, मला वाटलं तिकडेच घुसतील, तर नाही, बहुतेक सगळ्या उन्हातून पश्चिमेच्या काठावर धडका मारायला लागल्या. आमचा समुद्र पश्चिमेलाच. मग पुतण्याने छत्रीने सूर्य झाकला आणि मी पश्चिमेकडून आरशाने ऊन आत टाकलं, तर बऱ्याच जणी वळून पूर्वेला. दुपारी साडेबाराच्या सुमाराला परत बघणार होतो, कारण मेमध्ये आपल्याकडे शून्य सावली होते, सूर्य बरोबर डोक्यावर, मग दिशा घेणार कशावरून? पण टब इतका तापला की पोरांनीच आरडाओरडा करून त्यांना ओल्या वाळूत सोडायला लावलं.

खरा मुद्दा पुढे आहे. ही दिशा त्यांना कोणी शिकवत नाही. प्रयोगशाळेत जन्मलेली पिल्लं, ज्यांनी किनारा कधी बघितलाच नाही, तीसुद्धा आईबापाच्या किनाऱ्याच्या हिशोबानेच पळाली. म्हणजे आमच्याकडच्या उचलून चेन्नईच्या किनाऱ्यावर सोडल्या तर सुक्या वाळूवर पश्चिमेलाच धावतील, समुद्राच्या बरोबर उलट्या. कुर्लीची पिल्लं समुद्रात तरंगत वाढतात, कुठल्याही किनाऱ्याला लागतात, इथली संपली तरी दुसरीकडून येतात. ह्यांचं तसं नाही. अंडी आईच्या पोटाखालच्या पिशवीत, पिल्लं बाहेर पडतात ती त्याच वाळूत, समुद्रातून वाहत येणारी पिढीच नाही. पक्क्या गाववाल्या आहेत त्या, आणि एकदा मारल्या तर भरतीबरोबर नव्या येतील ह्या भरवशावर राहू नका.

आणि फवारायचं काय, तर डासांचंच औषध. ते कोलंबीला विष असतं, मग ह्यांना नाही का? तेच पुढे ओहोटीबरोबर पाण्यात जाणार, जिथे आमचीच माणसं रापणीचं जाळं ओढतात. तुतवार नि चिखल्या हे पक्षी ह्यांच्यावर पोट भरतात ते वेगळंच. अंजर्ले-वेळासला कासवांच्या पिल्लांसाठी आपण दिवे बंद ठेवतो, कौतुकाने फोटो काढतो. ह्यांच्यासाठी काही बंद नको, फक्त प्लास्टिक हाताने उचला आणि शेवाळ तिथेच राहू द्या.

पंपवाला पुढच्या शनिवारी येतोय म्हणतात. त्याआधी छापता आलं तर बघा.

एक वाचक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी