टाचणाबाहेरचा तास

ग्योटिंगेन, जर्मनी
२० नोव्हेंबर

तीर्थरूप अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार.

सत्र आता रुळावर आलंय. व्याख्यानं प्राध्यापकांची, माझ्याकडे सरावाचे तास. दर आठवड्याला मुलांना गणितांचा कागद मिळतो. ती सोडवून आणतात, आम्ही तपासतो, आणि मग तासाला फळ्याशी येऊन एकेकानं आपली सिद्धता मांडायची. वेळापत्रकात दहा लिहिलेले असले तरी तास सव्वादहाला सुरू होतो, ही इथली जुनी रीत. व्याख्यान संपलं की टाळ्या नाहीत, मुलं मुठीनं बाकं ठोकतात.

टाचण काढतेस का, असं तुम्ही विचारलंत. काढते. पक्ष, साध्य, सिद्धता, अगदी तुमच्यासारखं. पण काल एक मुलगी फळ्याशी अडली. पुढची पायरी माझ्या टाचणात होती, तरी मी गप्प राहिले. बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, "मी तर साध्यच गृहीत धरलंय!" आणि सगळं पुसून पहिल्यापासून लिहू लागली. अण्णा, अख्ख्या आठवड्यात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे.

थोर गणितज्ञ एमी नोएथर याच गावात शिकवायच्या. बाई म्हणून अध्यापनाचा अधिकार मिळेना, तेव्हा त्यांचे तास इथले नामवंत गणिताचे प्राध्यापक हिल्बर्ट यांच्या नावानं लागत. अधिकार मिळाला १९१९ साली. त्यांचं शिकवणं रेखीव नव्हतं म्हणतात. फळ्याशी उभ्या राहून त्या विचारच करत असायच्या, नवख्यांची दमछाक व्हायची. पण गणितज्ञ वान डर वेर्डन यांचं बीजगणितावरचं गाजलेलं पुस्तक नोएथरबाईंच्या आणि आर्टिन या दुसऱ्या गणितज्ञांच्या व्याख्यानांतूनच उभं राहिलं. १९३३ मध्ये नाझींनी ज्यू म्हणून नोएथरबाईंना विद्यापीठातून काढलं, तर त्या विद्यार्थ्यांना घरी बोलावून शिकवत राहिल्या. त्यांच्याविषयी मला अपार आदर वाटतो.

तरी तुमचं टाचण मी सोडणार नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना स्वच्छ वाट दाखवायलाच हवी. फक्त निम्मा तास मोकळा ठेवते. तुमच्या वर्गात साठ मुलं आणि छोटी तासिका, तिथं हे कसं जमणार? तरीही तुम्ही पुढच्या बाकावरच्यांना मागच्यांना समजावून सांगायला लावायचात. त्यामागचा तुमचा विचार मला सविस्तर लिहून कळवा.

सईला एक काम द्या. १, १+३, १+३+५ अशा बेरजा वर्गसंख्याच का येतात? चिंचोके मांडून बघू दे. तुम्ही सांगू नका, आईलाही सांगू देऊ नका. ती जे लिहील त्याचा फोटो पाठवा, खाडाखोडीसकट.

आईला नमस्कार.

तुमची,
माधवी