कर्जाचे कार्ड कोणाच्या भाषेत?

संपादक महोदय,

मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे गरीब बायकांना गटातून छोटी कर्जे देणाऱ्या कंपन्यांच्या वसुलीवर आपल्या अंकात आलेली पत्रे वाचली. गरिबांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा कायदा विभाग मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात सांभाळते. विभाग म्हणजे मी, दोन नवखे वकील आणि न लागणाऱ्या दाराचे एक कपाट.

पत्रांचा सगळा रोख दारात ठाण मांडणाऱ्या वसुलीवाल्यांवर आहे. ते रास्तच. २०२५च्या फेब्रुवारीत कर्नाटकात अध्यादेश निघाला, छळासाठी दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. पण आमच्याकडची बरीच प्रकरणे वसुलीच्या कितीतरी आधी, कागदावरच बिघडलेली असतात.

जांबोटी भागातली एक बाई मागे आली. साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यात घड्या पडून फाटायला आलेले कागद. "बघा की वो वकीलबाई, काय लिवलंय ह्यात." गटातून चाळीस हजार उचललेले, हातात साडेअडतीस पडलेले. मधले दीड हजार कुठे गेले ते तिने विचारले नव्हते, कुणी सांगितलेही नव्हते. कार्डावर इंग्रजी आणि कन्नड. माझी सहकारी कन्नड मजकूर वाचत गेली आणि एका ओळीवर थांबली. कापलेल्या पैशांत नवऱ्याचाही विमा होता. नवऱ्याला जाऊन सात महिने झाले होते. ते सातही महिने ही वीटभट्टीवर राबून हप्ते भरत होती, आणि कमी पडले की गटातल्या बायका आपसात गोळा करून घालत होत्या.

कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. मृत्यूचा दाखला, एक अर्ज, दोन स्मरणपत्रे. उरलेले कर्ज विम्यातून फिटले.

१ एप्रिल २०२२पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे करार आणि कार्डावरच्या नोंदी कर्जदाराला समजेल अशा भाषेत हव्यात. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीला जाण्याचीही मनाई आहे. कृपया यात कुणी सीमाप्रश्न आणू नये (आमच्याकडे कुठलीही गोष्ट फिरून तिथेच येते). बैलहोंगलच्या कन्नड बाईच्या हातात नुसते इंग्रजी कार्ड ठेवले, तर हाच नियम मोडतो. कंपनीने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, तेही फुकट. खटलाच करायचा झाला तर १९८७च्या विधी सेवा कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न विचारता, सरकारी खर्चाने वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

आमचे देणगीदार दरवर्षी विचारतात, किती खटले जिंकलात? त्यांच्या तक्त्यात या बाईसाठी रकाना नाही. मी तिला 'इतर'मध्ये घातले. वकिलाच्या फीसाठी पैसे मिळतात, कागद वाचून दाखवणाऱ्याच्या एसटीभाड्याला मिळत नाहीत.

एक कबुलीही देते. त्या दिवशी आम्ही तिच्यापुढे वकीलपत्र सरकवले आणि तिने मुकाट्याने सही केली. ती गेल्यावर माझे लक्ष गेले. छापील कन्नड होते, आणि आमच्यापैकी कुणीही ते तिला वाचून दाखवले नव्हते. आता मराठी प्रत सोबत जोडतो.

कन्नड आणि मराठी दोन्ही सफाईने वाचणारे निवृत्त शिक्षक, तलाठी, बँकेतले कारकून आपल्या वाचकांत पुष्कळ असतील. बाजाराच्या दिवशी दोन तास आमच्या ओट्यावर येऊन बसले, तरी पुरे. चष्मा मात्र घेऊन यावा, कार्डावरची अक्षरे फार बारीक असतात.

आपली,
एक वकील, खानापूर
(नाव संपादकांकडे आहे)